जुन्या उबंटूवर नवा क्यूएमू: जळगावातल्या वर्कशॉपमधला अनुभव

जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारे-बंद करणारे कंट्रोलर आम्ही बनवतो. बहुतेक माल रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत जातो. तिकडे शेतीच्या फीडरला थ्री-फेज लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री, आणि मध्येच जाते-येते. लाइट परत आली की कंट्रोलरने कुठल्या क्रमाने काय करायचं, हा आमच्या मालाचा जीव आहे. क्रम चुकला तर एक प्लॉट तुडुंब आणि दुसरा कोरडा. हा क्रम सांभाळणारं फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या चिपमध्ये भरलेला प्रोग्रॅम, माझ्याकडे असतं.

फर्मवेअरमध्ये दोन ओळी बदलल्या तरी बोर्डावर चढवून बघावं लागतं, आणि हंगामात बोर्ड वर्कशॉपमध्ये कमी, शेतात जास्त असतात. म्हणून मला कॉम्प्युटरच्या आतच तो बोर्ड उभा करायचा होता. त्यासाठी क्यूएमू हवा, म्हणजे एका मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ साली सुरू केलेला हा प्रोग्रॅम दोन प्रकारे काम करतो. पाहुणी (आत चालणारी) सिस्टिम आणि आपलं मशीन एकाच जातीच्या चिपवर असेल, तर तो लिनक्सच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, केव्हीएम या सोयीची मदत घेतो (केव्हीएम २००७ साली २.६.२० या कर्नलबरोबर आलं) आणि जवळजवळ मूळ वेगाने चालतो. चिप वेगळी असेल तर तो तिच्या सूचना आपल्या प्रोसेसरच्या भाषेत बदलत बदलत चालवतो. आमची चिप एसटीएम३२एल४७५, आत आर्मचा कॉर्टेक्स-एम४. म्हणजे आमच्यासाठी दुसरा प्रकार.

या चिपचा एक तयार बोर्ड क्यूएमूमध्ये आहे: बी-एल४७५ई-आयओटी०१ए. पण तो आला ९.० मध्ये, एप्रिल २०२४ ला. त्या व्हर्जनमध्ये घड्याळं होती, पिना होत्या, इंटरप्ट होते, पण सिरियल पोर्ट, म्हणजे मजकूर बाहेर पाठवायची वाट, नव्हतं. आमचं फर्मवेअर जे काही सांगतं ते सिरियलवरच सांगतं, त्यामुळे ९.० मध्ये ते चालत असूनही बाहेर काहीच दिसलं नसतं. सिरियल आलं ९.१ मध्ये, सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे मला ९.१ पाहिजे होतं. त्याच्या पुढची व्हर्जन्सही निघाली होती, पण जेवढी गरज तेवढंच नवं घ्यायचं असं मी ठरवून टाकलं. प्रत्येक नवं व्हर्जन सोबत नव्या मागण्या घेऊन येतं.

आणि मशीन होतं उबंटू २०.०४ या जुन्या लिनक्सचं. त्याच्या तयार पॅकेजांच्या भांडारातला क्यूएमू ४.२, म्हणजे २०१९ चा. मशीनच अपग्रेड का केलं नाही, हा प्रश्न कोणालाही पडेल. आमच्या जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम भरायचं जे सॉफ्टवेअर आहे ते फक्त २०.०४ वर चालतं. ज्यांच्याकडून ते घेतलं त्यांनी पुढच्या उबंटूसाठी ते काढलं नाही. शेतात जुने कंट्रोलर अजून चालू आहेत, दुरुस्तीला येतात, त्यांना नाही म्हणता येत नाही. २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला तरी ते मशीन टेबलावरून हलणार नव्हतं. तेव्हा सोर्समधून बिल्ड करणं, म्हणजे मूळ कोड आणून तो आपल्याच मशीनवर बांधणं, हाच रस्ता उरला.

सोर्स घेताना मी गिटमधून (जिथे कोड रोज बदलत असतो) न घेता रिलीजचा टारबॉल, म्हणजे बांधून ठेवलेली एकच फाइल, घेतला, आणि कोणालाही तेच सांगेन. गिटमधून घेतलं तर बिल्ड चालू असताना लहान-मोठे जोडप्रकल्प इंटरनेटवरून ओढले जातात, आणि कंपाइलरच्या साध्या वॉर्निंगलाही एरर समजलं जातं. टारबॉलमध्ये ते सगळं आधीच बांधलेलं असतं आणि वॉर्निंगवर बिल्ड थांबत नाही. आमच्या एमआयडीसीतलं नेट दुपारी कसं चालतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना एवढं कारण पुरे.

मग कॉन्फिगर, म्हणजे बिल्डआधी मशीनवर काय आहे-नाही ते तपासणारी स्क्रिप्ट, चालवलं आणि अडथळे एकेक करून समोर यायला लागले. पहिले तीन मी पटकन सांगतो, कारण ते सोपे आहेत.

पायथन. ९.१ ला किमान ३.८ लागतं. २०.०४ मध्ये बरोबर ३.८ च आहे, म्हणजे काठावर पास. पण क्यूएमू बिल्डसाठी स्वतःचं वेगळं पायथन वातावरण तयार करतो, आणि त्याला लागणारं एन्शुअरपिप डेबियन आणि उबंटूवाल्यांनी मूळ पायथनमधून काढून पायथन३-व्हेन्व या वेगळ्या पॅकेजात ठेवलंय. चांगली गोष्ट ही की क्यूएमूचा एरर हे स्वतःच सांगतो, पॅकेजच्या नावासकट. तो शेवटपर्यंत वाचायचा, बस.

दुसरं टोमली. बिल्डची यादी टॉमल फॉरमॅटमध्ये असते. ती वाचायची सोय पायथनमध्ये ३.११ पासून आतच आहे, त्याआधीच्या पायथनला टोमली नावाचं मॉड्यूल लागतं. उबंटू २२.०४ मध्ये त्याचं पॅकेज मिळतं, २०.०४ मध्ये नाही. पिपने, म्हणजे पायथनची मॉड्यूलं आणणाऱ्या अवजाराने, फक्त माझ्या युजरपुरतं टाकलं. सुडो लावून, म्हणजे अख्ख्या मशीनच्या अधिकाराने, पिप चालवायचं नाही, कारण उबंटूची स्वतःची बरीच अवजारं त्याच पायथनवर उभी आहेत.

तिसरं मेसन आणि निंजा, म्हणजे बिल्डचा आराखडा आखणारं आणि तो प्रत्यक्ष चालवणारं अवजार. क्यूएमूने ५.२ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, मेसन घेतलं. २०.०४ मधलं मेसन ०.५३ आहे, ९.१ साठी फार जुनं. इथे मात्र काहीच करावं लागलं नाही. नवं मेसन टारबॉलमध्येच येतं आणि क्यूएमू ते आपल्या वातावरणात बसवून घेतो. निंजा तेवढा उबंटूच्या भांडारातून टाकला.

चौथ्या अडथळ्यावर मात्र खरं काम निघालं. कॉन्फिगर अर्ध्यात थांबलं आणि स्क्रीनवर आलं: जीलिब २.६६ किंवा त्यापुढचं हवं, सापडलं २.६४.६.

आप्पा मागेच उभे होते. वर्कशॉप त्यांचं, गाव अमळनेरकडचं. स्क्रीनवर लाल ओळ दिसली की त्यांना राहवत नाही.

"आते काय आडकनं?"

"आप्पा, एक लायब्ररी जुनी आहे. त्याला नवी पाहिजे."

"मंग जुनी काढी टाक ना, नवी लाई दे!"

"तसं नाही करता येणार. ती काढली तर अख्खं डेस्कटॉप बसेल. तुमचं ते जुन्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअरही त्याच्यावरच चालतं."

आप्पा गप्प झाले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता. बहुतेक जण इथे हेच करतात. कुठूनतरी नव्या उबंटूचं पॅकेज आणून जबरदस्तीने बसवतात आणि दुसऱ्या दिवशी लॉगिन स्क्रीनच येत नाही. जीलिब ही ग्नोम डेस्कटॉपच्या पायातली लायब्ररी आहे. शेकडो प्रोग्रॅम तिला जोडलेले असतात. नावसाधर्म्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो: ही जीलिब वेगळी आणि सिस्टिमची मूळ सी लायब्ररी जीलिबसी वेगळी. दोन्हींना हात लावायचा नाही हे मात्र सारखंच.

मला आधी हे समजून घ्यायचं होतं की क्यूएमूने ही मागणी वाढवली का. २.६४ निघालं २०२० च्या सुरुवातीला आणि २.६६ सप्टेंबर २०२० ला. मध्ये थोडेच महिने. एवढ्या फरकासाठी आमचं मशीन बाद का व्हावं? उत्तर क्यूएमूच्या माहितीपुस्तिकेतच आहे. कुठल्या लिनक्सवर बिल्ड होईल याचा त्यांचा नियम लिहिलेला आहे. एखाद्या वितरणाचं (उबंटू, डेबियनसारख्या लिनक्सचं) नवं मोठं व्हर्जन आलं की जुन्या व्हर्जनला आणखी दोन वर्षं सांभाळायचं, नंतर सोडून द्यायचं. उबंटू २२.०४ आलं एप्रिल २०२२ ला, त्यामुळे २०.०४ ची मुदत एप्रिल २०२४ ला संपली. ९.० त्याच महिन्यात निघालं आणि त्याला जीलिब २.५६ पुरत होतं. त्यानंतरचं पहिलं रिलीज ९.१. उरलेल्या वितरणांत सगळ्यात जुनी जीलिब डेबियन ११ सारख्यांकडे होती, २.६६. किमान व्हर्जन तिथे जाऊन बसलं.

हे कळल्यावर माझी चिडचिड गेली. कोणी मुद्दाम दार लावलेलं नव्हतं. मोजक्या लोकांना जेवढं तपासता येतं तेवढंच ते कबूल करतात, आणि आधीपासून तारखेसकट सांगून ठेवतात. मी स्वतः जुन्या कंट्रोलरना किती वर्षं सांभाळायचं या प्रश्नाशी रोज झगडतो, त्यामुळे मला तर त्यांचा नियम पटला. असा लेखी नियम आमच्याकडेही असावा, असं मी आप्पांना त्याच दिवशी म्हटलं.

एक पळवाट सुचते. मेसनच्या फायलीत २.६६ च्या जागी २.६४ लिहायचं. कॉन्फिगर पुढे सरकेल, पण कंपाइल पहिल्याच फायलींत अडेल. क्यूएमूच्या एका हेडर फायलीत जीलिबला सांगितलेलं असतं की आम्ही २.६६ धरून चालतोय, आणि २.६४ ला २.६६ हे नावच माहीत नसतं. तिथेही खोडलं तर पुढे कुठे काय निघेल ते कोणी तपासलेलं नाही. व्हॉल्व्ह उघडायचा की नाही हे मी ज्याच्यावर तपासणार, तेच असं ठिगळाचं मला नको होतं.

मग मी जे केलं ते आप्पांना समजावं म्हणून विहिरीचं उदाहरण दिलं. एका विहिरीवर जुनी मोटर आहे, तिची पाइपलाइन जुन्या बागेला जाते. नव्या बागेला जास्त दाब पाहिजे. जुनी मोटर उपटत नाहीत, शेजारी दुसरी बसवतात आणि तिची पाइपलाइन वेगळी काढतात. जीलिब २.६६ मी तशी ऑप्ट फोल्डरात, स्वतःच्या वेगळ्या जागी बसवायची ठरवली. जुनी जिथे आहे तिथेच राहणार.

इथे व्हर्जन निवडण्यातही विचार लागतो. जीलिबचं सगळ्यात नवं व्हर्जन घेतलं तर ते स्वतः नवं मेसन मागतं, आणि २.७४ पासून पीसीआरई या जुन्या लायब्ररीऐवजी पीसीआरई२ मागतं. डिपेंडन्सीची, म्हणजे लागणाऱ्या गोष्टीची, डिपेंडन्सी, आणि मग तिचीही. २.६६ मालिकेला उबंटूचंच मेसन ०.५३ चालतं, जुनं पीसीआरई चालतं. बाकी लिबएफएफआय, लिबमाउंट आणि झेडलिबच्या डेव्हलपमेंट फायली लागतात, त्या भांडारात आहेत. मालिकेतलं शेवटचं व्हर्जन घेतलं, म्हणजे त्यातल्या दुरुस्त्याही मिळाल्या. कंपाइल सुरळीत झालं.

आता क्यूएमूला सांगायचं की ही नवी जीलिब बघ. लायब्ररी कुठे आहे, कुठलं व्हर्जन आहे हे पीकेजी-कॉन्फिग सांगतो, आणि त्याला जास्तीचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने देता येतो. यात एक खोच आहे. बरेच लोक पत्ता देतात लिब फोल्डरातल्या पीकेजीकॉन्फिगचा. पण डेबियन-उबंटूवर मेसन लायब्ररी सरळ लिबमध्ये ठेवत नाही, तिच्या आत एक्स८६_६४-लिनक्स-ग्नू नावाचा आणखी एक फोल्डर करतो आणि पीकेजीकॉन्फिग त्याच्या आत जातो. पत्ता चुकला तर पीकेजी-कॉन्फिग तक्रार करत नाही, गुपचूप जुनी जीलिब दाखवतो, आणि माणूस तास-दोन तास त्याच एररकडे बघत बसतो. म्हणून क्यूएमूचं कॉन्फिगर चालवण्याआधी पीकेजी-कॉन्फिगलाच व्हर्जन विचारून घ्यायचं. मी विचारलं, उत्तर आलं २.६६.८. मग कॉन्फिगर.

कॉन्फिगरला मी दोनच टार्गेट, म्हणजे नक्कल करायच्या चिपच्या जाती, दिली. एक ३२ बिट आर्म, आपल्या बोर्डासाठी. दुसरं एक्स८६, कारण शेतातले कंट्रोलर ज्या सर्व्हरला माहिती पाठवतात त्याची नक्कल मला केव्हीएमवर चालवायची होती. सगळी टार्गेट घेतली असती तर बिल्ड कितीतरी पट वाढलं असतं. जीटीके, एसडीएल हे खिडकी दाखवणारे भाग आणि कागदपत्रं बनवायचा भाग बंद केला. मला खिडकी नकोच होती, टर्मिनलवरचं सिरियल हवं होतं. जेवढं बंद कराल तेवढ्या डिपेंडन्सी कमी.

कॉन्फिगर संपल्यावर भली मोठी यादी छापली जाते: कुठली सोय आहे, कुठली नाही. लोक ती न वाचता पुढे जातात. मी ओळ-ओळ वाचली आणि स्लर्पसमोर 'नो' दिसलं. स्लर्प म्हणजे पाहुण्या सिस्टिमला रूट परवानगीशिवाय नेटवर्क देणारा भाग. पूर्वी तो क्यूएमूच्या सोर्समध्येच असायचा, ७.२ पासून काढला. लायब्ररी मशीनवर नसेल तर कॉन्फिगर अडत नाही, ती सोय वगळून पुढे जातं. मग बिल्ड होतं, इन्स्टॉल होतं, आणि सर्व्हर चालवायला गेलं की कळतं, यूझर नेटवर्क या बायनरीत, म्हणजे तयार झालेल्या प्रोग्रॅमच्या फायलीत, नाहीच. एररने थांबणारी डिपेंडन्सी परवडली, ही अशी गप्प बसणारी जास्त त्रास देते. लिबस्लर्पचं डेव्हलपमेंट पॅकेज २०.०४ च्या भांडारात आहे. टाकलं, कॉन्फिगर परत चालवलं, 'येस' आलं.

कंपाइल लावलं तो मे महिना होता. जळगाव-भुसावळचा मे काय असतो ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या आसपास आणि वर्कशॉपवर पत्रा. मशीनला चार जीबी रॅम. निंजा आपणहून प्रोसेसरच्या कोअरपेक्षा दोन जास्तच कामं एकदम काढतो. थोड्या वेळाने बिल्ड पडलं आणि शेवटी ओळ होती, सीसी१ ला 'किल्ड' सिग्नल मिळाला. हा कोडचा दोष नव्हता. रॅम संपली की कर्नल सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम मारून टाकतो, आणि तो कंपाइलर होता. कर्नलचा लॉग काढला तर त्यात तसं स्पष्ट लिहिलेलं. ब्राउझर बंद केला, निंजाला एका वेळी दोनच कामं दिली, आणि बिल्ड संध्याकाळी लावून घरी गेलो. आधी झालेलं काम निंजा परत करत नाही, तिथूनच पुढे जातो.

सकाळी बिल्ड तयार होतं. बिल्डच्या फोल्डरातून चालवून बघितलं, बोर्डांच्या यादीत आपला बोर्ड होता. पण इन्स्टॉल केल्यावर मी एलडीडी या अवजाराने बघितलं की ही बायनरी कुठली जीलिब उचलते, तर पत्ता सिस्टिमच्या जुन्या जीलिबचा. असं का होतं? बिल्डच्या फोल्डरातल्या बायनरीत मेसन नव्या लायब्ररीचा पत्ता लिहून ठेवतो, आणि इन्स्टॉल करताना तो पुसतो. दोन्ही जीलिबच्या फायलीचं नाव एकच असल्याने प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या लोडरला जुनी सापडते आणि तो तीच घेतो. २.६६ समोर ठेवून बांधलेला प्रोग्रॅम २.६४ वर चालतोय. आज चालेल, एखाद्या दिवशी मध्येच पडेल.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे लायब्ररी पाथचं व्हेरिएबल बॅश-आरसी या टर्मिनलच्या सेटिंग फायलीत टाकणं. मी तो करत नाही. तसं केलं की त्या टर्मिनलमधून उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम नवी जीलिब घ्यायला लागतो, आप्पांचं जुनं सॉफ्टवेअरसुद्धा. त्याऐवजी कॉन्फिगरला लिंकरसाठीचा जास्तीचा फ्लॅग दिला, आरपाथ, त्यात ऑप्टमधला पत्ता. हा पत्ता इन्स्टॉल करताना पुसला जात नाही आणि फक्त याच बायनरीपुरता राहतो. परत बिल्ड, परत इन्स्टॉल, परत एलडीडी. आता पत्ता ऑप्टचा आला. डेस्कटॉप तसाच, जुन्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर तसंच.

मग फर्मवेअरची फाइल दिली, ग्राफिक बंद ठेवून. टर्मिनलवर आमच्या कंट्रोलरची पहिली ओळ आली, मग घड्याळाची, मग व्हॉल्व्ह एक ते चार बंद असल्याची. आप्पांनी चष्मा वर करून बघितलं. "व्हयनं का?"

"हो आप्पा, झालं. हा बोर्ड आता इथे आत चालतोय."

सगळंच त्यात तपासता येतं असं नाही. चिपचे जे भाग क्यूएमूमध्ये अजून नाहीत, तिथे फर्मवेअरने हात लावला की ते लॉगमध्ये दाखवायची सोय आहे. ती लावली तर दाबाचा सेन्सर वाचायचा भाग त्यात दिसला. तो खऱ्या बोर्डावरच बघावा लागणार. पण लाइट आल्यावरचा क्रम, व्हॉल्व्हच्या पिना, सिरियलवरचे संदेश हे आता टेबलावर बसून कितीही वेळा तपासता येतं. क्रमातली एक चूक याच पद्धतीने सापडली आणि शेतात जायच्या आधी दुरुस्त झाली.

आता चोपड्याच्या आमच्या डीलरला हेच पाहिजे. त्याचं मशीन २०.०४ चं असतं तर ऑप्टमधला जीलिबचा फोल्डर आणि इन्स्टॉल केलेला क्यूएमू त्याच पत्त्यावर कॉपी करून काम भागलं असतं. पण त्याच्याकडे १८.०४ आहे. तिथली जीलिबसी २.२७, आमची २.३१, इथे बांधलेल्या बायनरी तिथे चालतील याचा भरवसा नाही, तिथेच बांधाव्या लागतील. त्याच्याकडचं जीसीसी ७.५ (कंपाइलर) क्यूएमू ९.१ ला पुरतं. पायथन मूळचं ३.६ आहे, पण ३.८ उबंटूच्याच भांडारातून शेजारी बसवता येतं आणि कॉन्फिगरला त्याचा पत्ता देता येतो. मेसन मात्र ०.४५, जीलिब २.६६ ला ते चालत नाही, म्हणून तिथे मेसनही पिपने युजरपुरतं टाकणार. लिबस्लर्पचं पॅकेज १८.०४ मध्ये नाहीच. त्याला सर्व्हरची नक्कल चालवायची नाही, फक्त बोर्ड पाहिजे. तेव्हा एक्स८६ चं टार्गेट आणि स्लर्प दोन्ही गाळून, एकट्या आर्मचं बिल्ड करून देणार आहे.